मामाची शिंदी आणि टँकरची रांग

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे मेंदू आणि औषधं यांविषयी मी काही लिहावं, हा मलाच आगाऊपणा वाटतो. जाणत्यांनी सांभाळून घ्यावं. डोळ्यांनी पाहिलं आणि त्या वेळी जे शिकत होतो, तेवढंच सांगतो.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, खोल्यांची भाडी चढलेली. मी तिथं औषधशास्त्र शिकत होतो. सुट्टी लागली की नांदेड जिल्ह्यात, आंध्राच्या हद्दीला लागून असलेल्या मामाच्या गावी जायचो. दुष्काळ दोन्हीकडे सारखाच होता.

गावाच्या नाल्याकाठी शिंदीची झाडं होती. मामा रोज संध्याकाळी ठेक्याच्या दुकानात बसून शिंदी, म्हणजे त्या झाडांच्या आंबलेल्या रसाची दारू, प्यायचा. त्या वर्षी नाला कोरडा पडला, झाडांना बांधलेल्या मडक्यांत तळाशी जेमतेम ओल दिसायची. दुकानातला रांजण मात्र भरलेला. मी मामाला विचारलं, "एवढी शिंदी येते कुठून?"

"झाडात पाणी कमी, म्हणून रस दाट," मामा म्हणाला. "दुष्काळाची शिंदी कडक राहती. दोन गिलासात माणूस गार."

साऱ्या गावाची हीच समजूत होती. मला ती पटली नाही. रस दाट झाला तर कमी भरायला हवा, रांजण कसा भरतो? पण पुस्तकं वाचणाऱ्या पोरानं दुकानावर संशय घ्यावा, हे कुणालाच आवडलं नसतं.

मग दुकानाचा ठेका बदलला आणि ते काही दिवस बंद राहिलं. मामाची झोप उडाली. हात थरथरू लागले. भिंतीवर मुंग्या नसताना तो मुंग्या झटकत बसायचा. एका सकाळी चुलीपाशी पडला, दातखीळ बसली, अंग ताठ होऊन झटके आले. शुद्धीवर येताना बडबडला, "ती शेजारची म्हातारी दारात उभी हाय."

दारात कुणी नव्हतं. शेजारी एक विधवा बाई एकटी राहायची, मी तिला काकू म्हणायचो. लहानपणी तिच्याच घरी मी ताक प्यायलो होतो. पण गावाला तेवढं वाक्य पुरलं. भानामती. दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला तेव्हा काकूची घागर कुणीतरी लाथेनं रांगेबाहेर काढली. काकू वाकली, घागर उचलून घरी गेली. मामीही रांगेत होती. तिनं मान वळवली.

"गडी बरा न्हाई झाला तर म्हातारीला गावात ठेवायचं न्हाई," असं चावडीवर ठरल्याचं संध्याकाळी कानावर आलं.

मी आणि मामीनं मामाला एसटीनं नांदेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, "शिंदी कुठल्या गावची?" हद्दीवरच्या गावांतून असे आणखी काही रोगी आले होते. दुकानदार शिंदीत पाणी वाढवून झोपेच्या गोळ्यांची पूड घालत असावेत, असा त्यांचा संशय होता. दुकानातल्या शिंदीची तपासणी कधी झाली नाही, म्हणून ठाम मीही म्हणत नाही.

मात्र नुकताच शिकलेला धडा मला आठवला. मेंदूच्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे रसायनांनी येऊन बसण्याच्या ठरलेल्या जागा. मेंदू शांत करणारं एक रसायन मेंदूच तयार करतो आणि ते अशा जागी बसतं. झोपेची गोळी त्याची जागा घेत नाही. ती शेजारच्या दुसऱ्याच जागी बसते आणि त्या रसायनाचा जोर वाढवते.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मामीला मी हे बैलगाडीचं उदाहरण देऊन सांगून पाहिलं. "कासरा गाडीवानाच्याच हातात आहे. पण रोज कुणी त्याच्या हातावर हात ठेवून ओढू लागलं, तर त्याची पकड ढिली पडते. अन् एक दिवस तो दुसरा हात अचानक निघाला, की बैल उधळतात. मामाचं तेच झालं."

"मंग त्यो हात कायमचाच काढायचा की," मामी म्हणाली. "ह्ये डाक्टर गोळ्याच देऊन राहिले. ज्यानं रोग आला तीच गोळी?"

"तीच, पण थोडी थोडी कमी करत. गाडीवानाची पकड परत येईस्तोवर."

मामीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "भाचेबुवा, तुमी डाक्टराच्या बाजूचे का आमच्या?"

"अन् काकूचं काय?" मी विचारलं.

तिनं पदरानं मामाच्या तोंडावरच्या माशा हाकलल्या. "तुमचे बैल पटले मला. पन दारात म्हातारीच कामून दिसली त्याला? दुसरं कुनी कामून न्हाई?"

भेदरलेल्या मेंदूला ओळखीचाच चेहरा दिसत असेल, असं काहीतरी मी पुटपुटलो. ते मलाही पुरेसं वाटलं नाही.

परीक्षेसाठी मला लातूरला परतावं लागलं. मामी गोळ्या देत असेल की चुलीत टाकत असेल, कळायला मार्ग नव्हता. गोळ्या मध्येच थांबल्या तर पुन्हा झटके, आणि झटके आले तर काकू गावाबाहेर. गावाकडून कुणी आलंय का, म्हणून मी रोज एसटी स्टँडवर चक्कर मारायचो.

शेवटी दाळमिलमध्ये हमालीला आलेला गावचा एकजण भेटला. मी चहा सांगितला.

"मामा बरा हाय तुझा. रोजगार हमीवर खडी फोडून राहिला. कमी कमी करत गोळ्या बंद झाल्या."

"झटके?"

"न्हाई आले. गाव म्हनतंय, डाक्टरनं भानामती उतरवली. लई पावरबाज हाय म्हनं."

मला हसू आलं नाही. "अन् काकू? ती आहे का गावात?"

"जाती कुठं?" त्यानं बशीत चहा ओतला. "परवा टँकरला तिची घागर रांगेत व्हती. तुझ्या मामीनंच लावली, आपल्या म्होरं."