लोटू मुकादमाचा वांधा

लोटूभाऊ,

सप्रेम नमस्कार लिहीत नाही. प्रेम नव्हतं, आणि नमस्कार तुम्ही आयुष्यभर पुरतील एवढे घेतलेत. विनंती एकच होती, ती शेवटी येईल. तुमची गोष्ट तुमच्या तोंडावर सांगायला बसले तर तिसऱ्या वाक्याला तुम्ही "ताई, तसं नाही" म्हणून मध्ये शिराल. म्हणून परक्या माणसाची सांगावी तशी सांगते. प्रमिलाबाईंना, म्हणजे मलाही, तीत सूट नाही.

तर गुजरातेत, भेस्तानच्या अलीकडे, कारखान्यांच्या पाठीमागे, शिरपूर-शिंदखेड्याकडच्या माणसांची सदतीस खोल्यांची वस्ती होती आणि लोटू तिचा पुढारी होता. निवडला कुणीच नव्हता. यंत्रमागाच्या खात्यात तो मुकादम, टेरिलीनच्या सदऱ्याला दोन पेनं लावायचा (त्यातल्या एकाचं नुसतं टोपण होतं), आणि आपल्याला गुजराती येतं असं त्याचं म्हणणं होतं. बाकीच्यांना येत नव्हतं, मग खोडणार कोण?

खोडू शकल्या असत्या प्रमिलाबाई. नवरा त्याच कारखान्यात कारकून, त्या स्वतः धुळ्याच्या कॉलेजातून बी.ए., मराठी शाळेत शिक्षिका. गुजराती पेपर रोज वाचत. पण त्यांना कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायला जायचं नाही हा त्यांचा ताठा. लोटूच्या फुशारकीइतकाच निरुपयोगी.

लोटूचं गुजराती कसं, ते ऐका. सोनाबाई नावाची विधवा बाई काम मागायला खात्यावर आली. शेठनं आतून सांगितलं, "कही दे, हुं नवरो नथी." म्हणजे मला वेळ नाही. लोटू रुबाबात बाहेर आला आणि म्हणाला, "शेठ नवरा नही शे."

सोनाबाई म्हणाली, "मंग मी काय त्याले नवरा कराले उनू का? माले काम जोयजे."

अख्खं खातं हसलं. लोटूही हसला, कारण आपल्याला हसताहेत हे त्याला कळलं नाही.

एकोणसत्तर साली तलाटी एक कागद घेऊन आला. मुंबईची मोठी सडक आणि धुळ्याकडे जाणारी मोठी सडक, या दोहोंना जोडणारा तीन किलोमीटरचा तुकडा सरकारला बांधायचा होता. ट्रकांचा वळसा वाचावा म्हणून. तीन किलोमीटर! सुरू होतो न होतो तोच संपणार. तो जायचा होता खोल्या आणि ठाकोरभाईची विहीर यांच्या मधून. वस्तीला प्यायचं पाणी त्या एका विहिरीचं. जमीन ठाकोरभाईची, त्याला भरपाई मिळणार होती. वस्तीची होती फक्त पायवाट. कागदावर लिहिलं होतं, कोईने वांधो होय तो त्रीस दिवसमां लखी जणाववुं.

वांधो म्हणजे हरकत. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लिहून कळवा, एवढंच.

लोटूनं कागद दोनदा वाचला, एक पेन काढलं, परत लावलं आणि सगळ्यांना गोळा करून अर्थ सांगितला. "सरकार इचारस, तुम्हना आपसात काही वांधा शे का? भांडन, तंटा? भांडखोर वस्तीजवळून सडक कोन नेई? गावले जावाले सरळ सडक व्हई राहिनी, तोंड काळं करू नका."

आमच्याकडे वांधा म्हणजे तंटाच. कुणाला शंका आली नाही. पंचाईत एकच होती. सोनाबाई आणि चंद्रभागा दोराच्या तुकड्यावरून वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. लोटूनं दोघींना विहिरीवर नेलं, समोरासमोर उभं केलं आणि सरकारासाठी गळाभेट घ्यायला लावली.

चंद्रभागा म्हणाली, "धर माय, सरकारनी सांगं म्हनीसन धरस. सडक व्हई गयी का सोडी दिसू."

मग सदतीस अंगठे उठले. वर ओळ होती, अमने कोई वांधो नथी. खाली वस्तीचा आगेवान म्हणून लोटूची सही, वेटोळं घातलेल्या सापासारखी.

प्रमिलाबाई ओट्यावर होत्या. "लोटूभाऊ, कागद जरा दाखवा."

"ताई, तुमचं पुस्तकी. हे सरकारी आहे."

त्या आत गेल्या आणि भाकऱ्या थापायला बसल्या. दोन पावलं पुढे जाऊन कागद हिसकावता आला असता. नाही हिसकावला.

बाहत्तर साली जोड आला. लोक त्याला जोडच म्हणत. वस्तीच्या बाजूला पुरुषभर उंचीचा मातीचा भराव, वरून ट्रक. लोटू संध्याकाळी भरावावर उभा राहून हात करायचा, इकडे मुंबई, तिकडे धुळं. एस.टी. तिथे थांबतच नसे. त्या सडकेनं तो एकदाही गावाला गेला नाही. बाया मात्र डोक्यावर हंडे घेऊन रोज भराव चढत, ट्रक बघत आणि पलीकडे उतरत. भाद्रपदात सोनाबाई ओल्या मातीवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. तिचं पाणी चंद्रभागा भरायला लागली.

कुणीतरी विचारलं, "का वं, सडक ते व्हई गयी. सोडं नही का तिले?"

"लोटूले इचार. त्यानीच गाठ मारेल शे."

तेव्हा कुठे प्रमिलाबाई उठल्या. कचेरीत चौकशी केली. भरावाच्या एका टोकाचं रुंदीकरण अजून व्हायचं होतं. तिथून बाया हंडे घेऊन जातील एवढी मोरी सडकेखालून ठेवता येईल, साहेबानं सांगितलं. पण वस्तीनं वांधो नथी लिहून दिलेलं आहे. ज्यानं आगेवान म्हणून सही केली त्यानं स्वतः शनिवारपर्यंत येऊन, तो शब्द समजण्यात चूक झाली असं लिहून द्यावं.

प्रमिलाबाईंनी स्वच्छ गुजरातीत अर्ज लिहिला आणि लोटूपुढे धरला. त्यानं यावेळी खरंच वाचला. कान लाल झाले.

"म्हणजे मला गुजराती येत नाही, असं लिहायचं?"

"एक शब्द आला नाही, एवढंच. सही करा आणि कचेरीत नेऊन द्या. सोनाबाई तुमच्या समोरच्या खोलीत पडून आहे."

"देतो, ताई. शनिवारी खात्याला सुट्टीच आहे."

त्यानं अर्ज चौघडी करून पेनांच्या मागे खिशात ठेवला.

शनिवारी चांगला सदरा घालून तो गेला, हे सगळ्यांनी पाहिलं. दुपारी परतला तेव्हा प्रमिलाबाई भरावाच्या पायथ्याशीच उभ्या होत्या. खिशातून अर्जाचं कोरं टोक दिसत होतं.

"दिला?"

लोटूनं धुळ्याच्या दिशेला पाहिलं. "गेलो होतो, ताई," तो म्हणाला. "साहेब नवरा नव्हता."