रिकामी कधी होणार?

नॉर्थ प्लॅटच्या ट्रकथांब्यावर मार्लीन टकेट कालपासून बसून होती. मंगळवारी दुपारी एकला किराणामालाचा ट्रेलर गोदामात रिकामा केला, तेव्हापासून नुसती बसून. आता बुधवारचे बारा वाजत आले होते. स्टिअरिंगशेजारच्या स्क्रीनवर कंपनीकडून नवीन लोड आला की टिंग वाजायचं. ते वाजतच नव्हतं. आवाज बंद तर नाही ना झाला, म्हणून तिनं सकाळपासून चार वेळा तपासून पाहिलं होतं.

बाहेर नेब्रास्काचा वारा सुटला होता. नोव्हेंबर नुकताच लागला होता. मार्लीननं जांभळी लोकर विणायला घेतली, दोन ओळी विणल्या आणि टाके चुकले म्हणून उसवून टाकल्या.

चाकं फिरली तर पगार, हा या धंद्याचा साधा हिशेब. पण तिचा जीव खालीवर होत होता तो पगारासाठी नव्हता. ऑक्टोबरच्या शेवटी कंपनीचं पत्र आलं होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ज्यांची सरासरी आठवड्याला अठराशे मैलांच्या खाली जाईल, त्यांचा ट्रक जानेवारीत काढून घेतला जाईल. मार्लीनचे पहिले पाच आठवडे कसेबसे चौदाशेच्या आसपास झाले होते. ट्रक गेला की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर रॉइसच्या औषधपाण्याचा विमाही. रॉइस तिचा नवरा. सव्वीस वर्षं दगडाच्या खाणीत काढली आणि फुफ्फुसात धूळ घेऊन घरी बसला. आर्कन्सॉमधल्या मीना गावातल्या त्यांच्या घरात प्राणवायूचं यंत्र दिवसभर घरघरत असे. तो आजारी पडला तेव्हा मार्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथल्या पगारात भागेना, म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं ट्रकचा परवाना काढला. त्याला आता सात वर्षं झाली होती.

मैल का घटले याबद्दल तिची खात्री होती. ब्रोडी किसिंजर तिच्यावर डूख धरून होता. ब्रोडी म्हणजे फोर्ट स्मिथच्या कचेरीत बसून लोड वाटणारा डिस्पॅचर. एकोणतीस वर्षांचा, फोनवर नेहमी घाईत; दक्षिणेकडच्या रिवाजानं तिला 'मिस मार्लीन' म्हणायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. ऑगस्टमध्ये अमारिलोला कांद्याचा लोड नेताना तिचा टायर फुटला. वेळ भरून काढू, या आशेवर तिनं कुणाला काही कळवलंच नाही. तीन तास उशिरा पोचली. गोदामानं माल घ्यायला नकार दिला आणि कांदा दोन दिवस पडून राहिला. ब्रोडीचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती, आणि रडू येऊ नये म्हणून त्याच्यावरच ओरडली. तेव्हापासून हे असं चाललं होतं.

तिनं फोन लावला.

"ब्रोडी, मी मार्लीन. आहे का काही?"

"मिस मार्लीन, असतं तर पाठवलं नसतं का? बघतो."

"कालपासून बघतोच आहेस तू."

"दुसऱ्या लाइनवर माणूस थांबलाय. ठेवतो."

फोन ठेवला गेला. एवढ्यात त्यांच्याच कंपनीचा एक निळा ट्रक आत आला आणि शेजारी लागला. दार उघडून हर्शेल विलर्ड उतरला. अडुसष्ट वर्षांचा, गुडघ्यांनी वाकलेला, पण आठवड्याला अठ्ठावीसशे मैल हाणणारा माणूस.

"काय गं पोरी, इथंच घर बांधलंस की काय?"

"तुम्हाला काय जातंय थट्टा करायला! आहे का पुढचा लोड?"

"आहे की. दुपारी इथं रिकामा होतो, चारला लगेच डेनव्हर. कालच आला स्क्रीनवर."

तिचे डोळे भरून आले. हर्शेलनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करत म्हणाला, "चल, आधी खाऊन घे. उपाशीपोटी तर बरा दिवससुद्धा वाईट दिसतो."

आतल्या खानावळीत त्यानं दोघांसाठी ग्रेव्हीत बुडवलेली मऊ, पावासारखी बिस्किटं मागवली. मार्लीन काट्यानं नुसती टोचत बसली. ब्रोडीचा डूख, कंपनीचं पत्र, रॉइसचा विमा, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. हर्शेल जेवता जेवता ऐकत होता. मग त्यानं एकच विचारलं.

"रिकामी कधी होणार, त्या खान्यात काल काय लिहिलंस?"

प्रत्येक लोड घेताना स्क्रीनवर हा एक खाना भरावा लागे. पुढच्या लोडसाठी तू कधी मोकळी असशील, एवढंच.

"बुधवार सकाळ, दहा."

"आणि झालीस कधी?"

"मंगळवारी एकला. अहो, मध्ये काही झालं असतं तर? गोदामात अडकले असते तर? जरा हातचं राखून लिहिते मी. अमारिलोपासून नेहमीच."

हर्शेलनं काटा खाली ठेवला.

"म्हणजे गेले तीन महिने तू हेच करतेयस?"

"हो."

"अगं बाई! तो पोरगा सकाळी स्क्रीन उघडतो. त्रेचाळीस ट्रक. कोण आज मोकळा, कोण उद्या. आजचे लोड आजच्या लोकांना. तू त्याला आज दिसतच नाहीस! उद्या दहाला दिसशील, तोवर उद्याचे चांगले लोड पहाटे मोकळ्या होणाऱ्यांना आदल्या दिवशीच वाटून झालेले असतात. उरलंसुरलं तुझ्या वाट्याला."

"पण डूख..."

"डूख धरायला वेळ कुठंय त्याच्याकडे?"

मार्लीनला हे पटायला नको होतं. तीन महिने ती ज्याच्या नावानं बोटं मोडत होती, त्याचा काही दोषच नव्हता असं निघालं तर उरलं काय? आपलंच भय. आणि त्या भयापायीच रॉइसचा विमा जायची वेळ आली होती.

"आणि वेळ सांगितली आणि चुकली तर?" तिनं हळूच विचारलं.

"चुकणारच कधीतरी. रस्ता आहे तो. चुकणार असं कळलं की त्याच मिनिटाला सांगायचं. उशीर झाला म्हणून डिस्पॅचर मरत नाही. उशीर झाल्यावर कळतं, त्यानं मरतो."

ट्रकमध्ये परत येऊन तिनं फोन लावला.

"ब्रोडी, भांडायला नाही केला फोन. मी आत्ता रिकामी आहे. विश्रांती पूर्ण झालीय, आज अकरा तास गाडी चालवू शकते. पुढं नेहमी खरी वेळ लिहीन. आजवर जास्तीची लिहीत होते."

"जास्तीची? म्हणजे तुम्ही... थांबा." कीबोर्डचा आवाज. "लेक्सिंग्टनहून रीनोला गोमांस आहे. बाराशे तीस मैल. शुक्रवारी संध्याकाळी सहाला पोचायचंय. ज्याला दिला होता त्याचा ट्रक बिघडलाय. सांगायचं तर वायोमिंगला वादळ येतंय. नको असेल तर आत्ताच सांगा."

"घेते."

लेक्सिंग्टनला माल भरून त्या संध्याकाळी ती नेब्रास्कातल्याच सिडनी गावापर्यंत आली. गुरुवारी उजाडताच निघाली आणि नऊच्या सुमारास वायोमिंगमधल्या लॅरमीला पोचली, तर समोर रस्त्यावरच्या फलकावर दिवे लुकलुकत होते. पुढं रॉलिन्सपर्यंत हिम आणि वारा, रस्ता बंद. शे-दोनशे ट्रक कडेला उभे. आकाश राखेसारखं झालं होतं.

तिच्या मनानं जुनी वाट धरली. उघडेल दुपारपर्यंत. उघडला की जोर लावू. आत्ताच कशाला बोलायचं? हीच ती पहिली संधी, आणि पहिल्याच वेळी हात वर करायचे? ब्रोडी म्हणेल, बघा, म्हणूनच देत नव्हतो. तिनं फोन उचलला, खाली ठेवला. इंजिन चालू होतं तरी पाय गार पडले होते. मग तिला गोदामाच्या दारातला तो सडलेल्या कांद्याचा वास आठवला, आणि तिनं बटण दाबलं.

"ब्रोडी, लॅरमीला अडकले. रस्ता बंद आहे. महामार्गवाले म्हणतात उद्या सकाळी सहाला उघडेल, पण त्यांचा भरवसा नाही. उद्या संध्याकाळी सहाला मी रीनोला पोचत नाही, हे आजच सांगते. सकाळी सुटले तर शनिवारी दुपारी बाराला पोचेन."

तिनं डोळे मिटून घेतले.

"शनिवारी बारा. नक्की?"

"उद्या नऊच्या आत रस्ता उघडला तर नक्की. नाही उघडला तर नऊ वाजताच पुन्हा सांगेन."

"थांबा हं." दहा मिनिटं गेली. तेवढ्यात तिनं सीटच्या कडेची शिवण नखानं निम्मी उसवली. "मिस मार्लीन? शनिवारी एकची वेळ मिळाली. आज कळलं म्हणून मिळाली. उद्या संध्याकाळी कळवलं असतं तर सोमवारवर गेलं असतं." मग तो जरा घुटमळला. "शनिवारी रीनोच्या शेजारीच, स्पार्क्सहून डॅलसला एक लोड आहे. सोळाशे साठ मैल. पाचला उचलायचा. तुम्ही रिकाम्या कधी होणार?"

रविवार सकाळ, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तीन," ती म्हणाली. "शनिवारी तीन."

शुक्रवारी सहा वाजले तरी रस्ता उघडला नाही. सात वाजले. तिनं संदेश पाठवला, अजून बंद. ब्रोडीचं उत्तर आलं, ठीक. साडेसातला रस्ता अडवणारं फाटक उघडलं आणि गाड्यांची रांग सरकली. एल्क माउंटनच्या उतारावर दोन ट्रक आडवे पडलेले दिसले. ती ताशी पस्तीस मैलांच्या वर गेली नाही. खांदे कानापर्यंत चढले होते, ते थेट यूटाह लागल्यावर उतरले. कायद्यानं दिवसाला चालवता येणारे अकरा तास एल्कोला संपले. शनिवारी दहा वाजता, वेळेआधी तीन तास, ती रीनोच्या गोदामापाशी उभी होती.

आणि तिथंच अडकली. एक वाजला, दीड वाजला, माल उतरवायच्या धक्क्यावर बोलावणंच येईना. खिडकीतली बाई म्हणाली, "आज माणसं कमी आहेत हो, मी तरी काय करू?" मार्लीननं लगेच कळवलं: तीन नव्हे, साडेचार. धक्का मिळाला तो अडीचला. चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचं खोकं उतरलं. डॅलसचा लोड तिच्या नावावर तसाच होता. ब्रोडीनं स्पार्क्सच्या लोकांना साडेपाचपर्यंत थांबवून ठेवलं होतं. ती पाच वीसला तिथं पोचली.

पुढचे आठवडे एकामागून एक भरत गेले. तेवीसशे, सव्वीसशे, पुन्हा तेवीसशे. डिसेंबरच्या मध्यावर शेजारणीचा फोन आला. रॉइसला दवाखान्यात हलवलं होतं. त्या आठवड्यात मैल शून्य होणार, हे मार्लीनला स्वच्छ दिसत होतं. तरी तिनं ब्रोडीला लगेच सांगितलं, काहीही न लपवता. त्यानं तिला तल्साहून फोर्ट स्मिथचा लोड दिला, म्हणजे तिथून घर जवळ पडेल. पाच दिवस ती रॉइसच्या उशाशी बसली. तो झोपला की मनातल्या मनात बेरजा करायची, आणि प्रत्येक वेळी बेरीज वेगळी यायची.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी निकाल लागला. आठवड्याची सरासरी अठराशे चौऱ्याण्णव. ट्रक राहिला.

त्या दिवशी ती पहिल्यांदाच फोर्ट स्मिथच्या कचेरीत वर गेली. ब्रोडीच्या टेबलावर तीन स्क्रीन, एक शिळं सँडविच आणि पित्ताच्या गोळ्यांची मोठी बाटली होती. तो तिला पाहून उभाच राहिला.

"तुम्ही मिस मार्लीन? मला वाटलं होतं, उंच असाल."

"फोनवर ओरडते म्हणून?"

तो हसला. मग बाटली बाजूला सारत म्हणाला, "खरं सांगू? तुमचा नंबर दिसला की मला वाटायचं, आता शिव्या."

"आणि तुझा दिसला की मला वाटायचं, आता नोकरी गेली."

मीना गावातल्या घरी पोचली तेव्हा रॉइस खिडकीशी बसला होता, नाकाला नळी. तिनं आकडा सांगितला. त्यानं मान हलवली आणि तिचा हात धरून ठेवला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "पण आधी महिन्यातून दोनदा तरी यायचीस. आता कधी येतेस नि कधी जातेस, कळत पण नाही."

मार्लीननं त्याचं पांघरूण नीट केलं आणि सूप तापवायला आत गेली.