अण्णांची अट

हडपसरच्या पुढे एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात मी काही वर्षं काढली. तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी शटर वर केलं की आपणहून आत येऊन बसतात! नोकरी सोडली, तरी त्यातले काही मला अजून स्वस्थ बसू देत नाहीत.

*

अण्णांच्या शेतावर आमचे टॉवर उभे राहणार होते. सही करताना त्यांनी एकच अट घातली, विहिरीची.

"हीर बुजवायची न्हाय. माझ्या पणजानं खांदलीय. आमच्यात बाळंतीण सव्वा महिन्यानं हीर पुजती. आईनं पुजली, सुनंनं पुजली. नातसून बी हितंच पुजंल."

"अहो अण्णा, विहीर म्हणजे आपलं फीचर!" आमचे शेठ म्हणाले. ब्रोशरमध्ये ती छापलीसुद्धा. 'हेरिटेज वेल'! काठावर एक गोरी बाई योगासनं करत होती.

*

अण्णा रोज सकाळी ऑफिसात येऊन बसायचे. एकदा मी आयटीतल्या एका जोडप्याला सॅम्पल फ्लॅट दाखवत होतो.

"बेडरूमचा व्ह्यू काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "हितं कांदा. पल्याड म्हशी."

जोडप्याने तिथल्या तिथे फ्लॅट बुक केला. 'ऑथेंटिक' वाटलं म्हणे!

*

मग प्लॅन बदलला. पार्किंग कमी पडत होतं. अण्णा लग्नाला परगावी गेले, तेवढ्या आठवड्यात विहीर बुजवली.

"हीर कुठाय?" आल्या आल्या त्यांनी मला विचारलं.

मी ब्रोशर पुढे केलं! त्यात विहीर अजून होती.

त्यांनी फोटो बराच वेळ निरखला. "ही बाई कोन?" एवढंच विचारलं आणि घरी गेले. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते.

*

लोक राहायला आले. अण्णांनाही व्यवहारात पाचव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. आणि बेसमेंटमधल्या पार्किंगमध्ये पाणी यायला लागलं. वॉटरप्रूफिंगवाले तीनदा येऊन गेले. शेवटी कोपऱ्यात खड्डा करून पंप बसवला. खालचं पाणी गटारात, आणि वर सोसायटीला टँकर!

मीटिंगमध्ये तो आयटीवाला भडकला, "पण या पाण्याचा सोर्स काय आहे?"

मागून अण्णा म्हणाले, "माझा पणजा."

*

त्यानंतर वर्षभराने सिक्युरिटीवाल्याचा फोन आला, "साहेब, पार्किंगमध्ये बायका जमल्यात!"

मी ऑफिसातून धावत खाली गेलो. पंप बंद होता. दोन गाड्यांच्या मधे, त्या खड्ड्याभोवती रांगोळी, हळदकुंकू, पाच खडे. अण्णांची नातसून हिरवं लुगडं नेसून बसलेली, मांडीवर सव्वा महिन्याची मुलगी. पाणी काठोकाठ आलं होतं, फरशीवरून गाड्यांच्या चाकांकडे निघालं होतं.

"अण्णा, पंप चालू करू द्या, गाड्या बुडतील!" सिक्युरिटीवाला रडकुंडीला आला होता.

"थांब. हिरीची वटी भरायचीय अजून."

मी बूट काढले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"या साहेब. एकलंच आलात? ती फोटूतली बाई न्हाय आनली?"