फोटोवर थांबणारं बोट

सोलापुरातल्या काही दुकानांच्या इंटरनेटवरच्या जाहिराती मी चालवते. जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की दुकानदाराचे पैसे कापले जातात, मग समोरचा काही घेवो न घेवो. त्यामुळे काही जण मुद्दाम क्लिक करत बसतात. कधी धंद्यातला वैरी असतो, कधी माणूस नसतोच, नुसतं यंत्र असतं. हे खोटे क्लिक हुडकून बंद करणं हेही माझंच काम.

चादरी-टॉवेलचं दुकान आणि छोटा कारखाना असलेल्या एका काकांची जाहिरात माझ्याकडे होती. एकदा त्यांचा फोन आला, "मॅडम, लोक येतायत म्हणता, मग गिऱ्हाईक कुठंय?"

मी रिपोर्ट उघडला. शहरातलाच एक फोन रोज दुपारी जाहिरातीवरून आत यायचा, कधी लागोपाठ दोन-तीनदा. खरेदी नाही, चौकशी नाही. काकांनी लगेच निकाल दिला. "समोरचाच. दुसरं कोण असणार?" समोरच्या टॉवेलवाल्याबरोबर त्यांचा रोजचा चहा असायचा. तो त्यांनी त्या दिवशीच तोडला.

मला मात्र खात्री करायची होती. आलेला माणूस पानावर कुठे जातो, कुठे थांबतो, याचं रेकॉर्डिंग ठेवण्याची सोय मी काकांच्या वेबसाइटवर बसवली आणि काही दिवसांनी एका दुपारी जेवणानंतर ते बघायला बसले.

पान उघडलं. भाव, रंग, नक्षी, सगळं ओलांडून सरळ खाली गेलं आणि एका फोटोपाशी थांबलं. काकांच्या कारखान्यात चादरीची घडी घालताना हसणारी एक मुलगी. फोटो मोठा झाला, आणखी मोठा झाला, स्क्रीनवर नुसता चेहरा उरला. मग बराच वेळ काहीच हललं नाही. शेवटी पान बंद झालं.

त्यानंतरचं रेकॉर्डिंग तसंच. त्याच्या पुढचंही तसंच. यंत्र असं करत नाही, वैरीही करत नाही. बाहेर भर ऊन होतं, तरी मी उठून दाराला कडी लावून आले. न दिसणारं कुणीतरी त्या चेहऱ्याकडे टक लावून बसलं होतं, आणि मी त्याच्या खांद्यामागून बघत होते.

मुलीच्या मागे कुणी लागलंय की काय, ही भीती मनात आली. काकांना विचारलं. "ती होय? काही महिने होती कामाला. पोरी येतात, जातात," ते म्हणाले. मी तो फोटो काढून टाकला आणि तिथे चादरींच्या थप्पीचा लावला.

दुसऱ्या दुपारी तोच फोन पानावर आला. नेहमीच्या जागी गेला. वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. मग एकेक चादर मोठी करून बघितली, जणू ती कुठल्यातरी चादरीआड असेल. संध्याकाळी दुकानात फोन वाजला. "त्यातली पोरगी कुटं गेली?" एवढंच विचारलं म्हणे. काकांनी त्या माणसाला दुकानात बोलावलं, आणि मलाही.

यंत्रमागावर आयुष्य गेलेले, घरात तेलुगू बोलणारे एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, फोन रुमालात गुंडाळलेला.

"मुलगी हाय माझी ती," ते म्हणाले. "घरातनं निघून गेली. कुटं, म्हाईत न्हाई. फोन लागत न्हाई. शेजारच्यानं ही जाहिरात दावली, तवापासनं बघतो. बघितलं की कळतं, बरी हाय. हसती हाय."

"आजोबा, तो फोटो जुना आहे," मी म्हणाले.

"जुना कसा? वर लिवलंय की. आजचा नवा माल."

ती ओळ मी लिहिली होती. मी त्यांना समजावून सांगितलं, की फोटो ती इथे कामाला होती तेव्हाचा आहे, आणि ती ओळ रोज तशीच असते. त्यांच्यापुढचा चहा तसाच निवत राहिला.

"फोटो तुमी काढलाव?"

"हो."

"मग सांगा की, कशाला हसत होती?"

मी आठवू लागले. पत्र्यातून आलेला उजेड आठवला, यंत्रांचा खडखडाट आठवला, चादरीच्या काठाला लोंबणारा दोरा आठवला. मुलगी आठवेना. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

"नाही आठवत," मी म्हणाले.

"लई हसत न्हवती घरात," ते म्हणाले.

तो फोटो मी त्यांच्या फोनमध्ये घालून दिला, कसा उघडायचा तेही दाखवलं. ते गेल्यावर काका उठले आणि समोरच्या टॉवेलवाल्याकडे चहाला गेले.

दुसऱ्या दुपारी जाहिरातीवर पुन्हा तेच बोट आलं. फोटो स्वतःजवळ असूनही ते त्याच वाटेने येत होते. "अडवू नका. फोटो परत लावा," काका म्हणाले. मी फोटो लावला, 'आजचा' हा शब्द मात्र खोडला. तरी ते येत राहिले.

मग एका आठवड्यात ते येईनासे झाले. काकांनी नंबर फिरवला, तो बंद. घर कुठल्या गल्लीत, हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. दुपारी मी अजून रिपोर्ट उघडते.

परवा काकांनी विचारलं, "येतात का हो ते?"

"नाही."

"मग हे चांगलं म्हणायचं की वाईट?"

दारात गिऱ्हाईक आलं होतं. काका उठले आणि डबल बेडच्या चादरी काढू लागले.