दात न दाखवता हसणारी ताई

अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात माणसाकडे माणूस म्हणून न पाहताही त्याचा अपमान न करणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे इचोड्याची माझी मावसबहीण. बाकीचे तसं पाहतात ते अपमानासाठीच, हे मी माझ्या पत्रकांतून वेळोवेळी मांडलेलं आहे. ताईचं तसं नाही. ती हैदराबादेत विद्यापीठात शारीरिक मानवशास्त्र शिकते, माकडांच्या वागणुकीवर प्रबंध लिहिते, आणि तिच्या लेखी आपण सगळे शेपूट घरी विसरून आलेले पाहुणे. तिला बघायला आलेल्या मुलाच्या जबड्याकडे तिनं चहा गार होईस्तोवर पाहिलं आणि विचारलं, "अक्कलदाढ आली का तुमची?" मंडळी पोहे टाकून उठली. ताईला वाईट एवढंच वाटलं, की उत्तर राहून गेलं.

अभ्यासासाठी ती गुडीहत्नूरजवळच्या आमच्या गावी येऊन राहिली. मारुतीच्या देवळावर लाल तोंडाच्या माकडांचा कळप आणि समोरच्या पारावर दिवसभर ताई. डोळ्याला डोळा भिडवला की माकडाला ती धमकी वाटते, दात दिसले की ते बिचकतं, म्हणून तिरकं पाहायची आणि ओठ मिटून हसायची सवय तिनं अशी मुरवली, की माणसांपुढेही ती सुटेना. गावानं ठरवून टाकलं, पोरगी लाजाळू आहे. कळपातल्या थोरल्या माकडिणीला तिनं माझ्या आईचं नाव दिलं. आई आधी चिडली. ताई म्हणाली, "मावशी, यायच्यात बायांचाच हुकूम चालते. आईचा मान लेकीले भेटते." तेव्हापासून आई शेजारणींना घेऊन ती माकडीण दाखवायला येऊ लागली. "माकडं पाहाले विद्यापीठ कशाले लागते?" असं विचारणाऱ्या आमच्या काकांच्या निषेधाचं पत्रक मी लिहून काढलं होतं. ताईनंच ते फाडलं. म्हणाली, "निस्ता आवाज करून राह्यले रे ते. चावत नाहीत."

यंदा ज्वारी भरली आणि कळपानं शिवारात धुमाकूळ घातला. गाव म्हणालं, पिंजरेवाल्यांना बोलवा, माकडं दूर नेऊन सोडा. पत्रक अर्थातच मी लिहिलं. शेतकऱ्याच्या तोंडचा घास जात असताना मी बहिणीकडे बघणाऱ्यांतला नाही. पण कळप गेला तर ताईचा प्रबंध अर्धाच राहणार होता आणि इतकी वर्षं पाण्यात जाणार होती. तिनं एका शब्दानं मला अडवलं नाही.

सभा देवळातच झाली, शनिवारी. तावातावानं भाषणं झाली, ठराव झाला. मग आरती झाली आणि दर शनिवारप्रमाणे सगळ्यांनी केळी-फुटाणे काढून माकडांपुढे धरले. सर्वांत पुढे माझी आई, आणि तिच्यामागे ठराव मांडणारे काका.

ताई पारावरून, खांबाकडे बघत म्हणाली, "काका, ज्याले हाकलाचं, त्याले पंगतीले काऊन बसवून राह्यले?"

"शनवार हाये ना माय. मारुतीचा वार."

"माकडाले वार समजत नाही ना काका. आज पंगत देता, उद्या ते पुन्हा वाट पाहाते. कोणी आलं नाही की शिवारात जाते. मंग तुमी गोटे मारता."

काकांनी हातातलं केळं मागे घ्यायला बघितलं. तोवर माकडानं ते नेलंही.

शनिवार मोडणं कुणाला शक्य नव्हतं. तोड आईनंच काढली: "मारुतीले दाखवलं म्हंजे पोचलं. वाटू लेकरायले. तेबी त्याचेच." ठराव मागे पडला, पिंजरे आले नाहीत. पाळीपाळीनं शिवाराची राखण सुरू झाली आणि कळप हळूहळू नाल्यापलीकडे पळसाच्या रानाकडे सरकला. ज्वारी थोडी गेलीच, त्याबद्दल माझा निषेध कायम आहे. ताई काटे तुडवत कळपामागे रानात जायची आणि संध्याकाळी ओरखडे घेऊन खुशीत परतायची.

काम संपल्यावर मी तिला इचोड्याला हैदराबादच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून तिनं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि सगळे दात दाखवून हसली. मी बिचकलोच.

आता एखाद्या शनिवारी थोरली माकडीण एकटीच देवळाच्या भिंतीवर येऊन बसते. आई तिला काही देत नाही. समोरच्या पारावर टेकते, तिरकं पाहते आणि ओठ मिटून हसते.