मेणातला खर्रा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याकडे मी आधी, 'याने काही घेतलंय का?' म्हणून बघते. घरात मला ठाणेदारीण म्हणतात. तेव्हा हे लिहितेय ते अगदी नाइलाजाने.

मी वर्ध्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, राहते पिपरी मेघेला. गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या मामांच्या घशातली कॅन्सरची गाठ ऑपरेशन करून काढली. मामा सिंदीचे... भाजीपाल्याची शेती, आणि तोंडात कायम खर्रा, म्हणजे आमच्याकडचा तंबाखू-सुपारीचा घोटलेला मावा. गाठीचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. असा तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात, मग पातळ काप काढून त्यातली प्रोटीन्स रंगवतात. या प्रोटीन्सना मार्कर म्हणतात; त्यांच्यावरून आजार उलटण्याची भीती किती, याचा अंदाज येतो. मामांचे मार्कर बरे निघाले. "चान्स चांगला आहे," आमच्या लॅबचे डॉक्टर सर म्हणाले, "पण तंबाखू सुटला तरच." मामांनी मामींच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

पुढे सरांना आणखी एक मार्कर बघायचा होता. मी कपाटातून मामांचा ब्लॉक काढला... आणि ताज्या घोटलेल्या खर्र्याचा वास! तंबाखू, सुपारी, ओला चुना — सगळं. इतक्या रसायनांतून गेलेल्या तुकड्याला कसला वास राहणार? पहिला संशय अर्थातच सहकारी विजयवर. त्याचे खिसे, ड्रॉवर, जेवणाचा डबासुद्धा तपासला. तो वैतागला, "मॅडम, मी तं सुपारी बी खात नाई!" त्याला वास येतच नव्हता.

मग दुसरा संशय. मामांना फोन लावला. "मामा, आज खर्रा खाल्ला ना?"

पलीकडून घोगऱ्या आवाजात, "तुले कोनं सांगतलं वं?"

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. कपाट उघडलं आणि वास आला, की मी मामींना फोन करायची. मामी त्यांचे खिसे उलटे करायच्या आणि हमखास प्लॅस्टिकच्या पन्नीतला खर्रा निघायचा. मी गावात कुणीतरी हेर ठेवलाय, असं मामांना वाटायचं.

दिवाळीनंतर मात्र एकदा वास आला, तर मामी म्हणाल्या, "नाई वं, आज सकाळपासून माह्यासमोरच हायेत. वांगे तोडून राह्यले."

माझा विश्वास बसेना. सुट्टी टाकून तडक सिंदी गाठली. मामा वांग्याच्या वावरातच होते. खिसे रिकामे, तोंड स्वच्छ, हाताला फक्त मातीचा वास. तरी मी डाफरले, "मामा, खरं सांगा!"

"नाई खाल्ला पोरी. लई दिवस झाले, इच्छाच नाई होत."

त्यांचे डोळे बघून मला स्वतःचीच लाज वाटली. मग पहिल्यांदाच त्यांना ब्लॉकचं आणि वासाचं सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. गळ्यावरच्या व्रणावरून बोट फिरवत म्हणाले, "मंग पोरी, तलफ माही होती... का त्या गाठीची?"

मामांची तब्येत आज चांगली आहे. खर्रा खरंच सुटलाय. नियमाप्रमाणे ब्लॉक वर्षानुवर्षं जपावा लागतो, त्यामुळे तो कपाटातच आहे. कुणाकुणावर संशय घेऊन झाला, स्वतःच्या नाकावरही घेतला, पण उत्तर सापडलेलं नाही. वास अजून येतो — हल्ली तर पहिल्यापेक्षा जास्त. मी मात्र आता त्यासाठी सिंदीला फोन करत नाही.