काचेवरचं कुंकू

लोहाऱ्याजवळ आमच्या काकूच्या रानात एका सौर कंपनीनं ऊन मोजायचं यंत्र बसवलं. उद्या ऊन किती पडेल याचा अंदाज बांधायचा तर आज किती पडलं ते आधी मोजावं लागतं. पुरुषभर उंचीचा खांब आणि वर पालथ्या वाटीसारखी काच. काचेवर धूळ बसली की आकडा चुकतो, म्हणून ती रोज सकाळी पुसायची. ते काम काकूला मिळालं. तिच्या नावावर येणारा हा पहिलाच पगार. मी असल्या कंपन्यांविरुद्ध पत्रकं काढते, तरी याबाबतीत गप्प बसले.

खंडेनवमीला आमच्याकडं नांगर, विळे, पाण्याची मोटर, सगळ्याला हळदकुंकू लागतं. काकूनं सकाळी काच पुसली, मग तिची पूजा केली. बोटं ओली करून चांगलं ठळक हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. तिकडं शहरातल्या ऑफिसात आमच्या शिवारावर भरदुपारी आभाळ दाटलेलं दिसायला लागलं. शेजारच्या तालुक्यात मात्र लख्ख ऊन. एकदोन दिवस वाट बघून इंजिनिअर जीप घेऊन आला.

"मावशी, तुम्हाला एकच काम दिलं होतं. पुसायचं."

"पुसलं की. पुसून मग पूजा केली."

"मग दुसऱ्या दिवशी का नाही पुसलं?"

"कुंकू हाय ते, सायब. कुंकू पुसत्यात व्हय?"

"मग माणूस बदलावा लागेल."

काका वारले तेव्हा गावातल्या बायांनी काकूचं कपाळ पुसलं. मी शाळेत होते, दारातून बघत होते. तेव्हापासून हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही. यावर पुढं मी पत्रक काढलं होतं. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. लाज म्हणून नाही कुणाला.

मी इंजिनिअरला म्हणाले, "हिचं कपाळ गावानं पुसलंय. आता पगारासाठी हिनं आपल्या हातानं कुंकू पुसायचं का? यंत्र बसवताना सांगितलं होतं का तुम्ही, याची पूजा करू नका म्हणून?"

"तू गप गं," काकू म्हणाली. "भाषण नको. माझं काम जाईल."

इंजिनिअरनं काकूच्या कपाळाकडं बघितलं, आणि लगेच दुसरीकडं. वाळलेलं फूल उचलून त्यानं तिच्या हातात दिलं. बाटलीतलं पाणी काचेवर ओतून स्वतःच पुसायला लागला. हळद लवकर निघेना. काकूनं पदर तोंडाला लावला आणि काच स्वच्छ होईपर्यंत बांधाकडं तोंड करून उभी राहिली.

त्यानं फडकं पिळून तिच्यापुढं धरलं. "उद्यापासून तुम्ही."

काकूनं ते घेतलं. "पुढल्या साली खांबाला लावलं तर चालंल का?"

"खांबाला चालेल."

"मग तसं आधी सांगायचं की," काकू म्हणाली. "इतक्या लांबनं जीप कशाला पळवायची?"